गुंठा व आर
जमीन मोजण्याची दोन एकके. गुंठा ब्रिटिशकालीन फूट-एकर पद्धतीतील : 33 फूट लांब व 33 फूट रुंद, म्हणजे 1,089 चौ. फूट, 40 गुंठ्यांचा एक एकर. आर मेट्रिक : 100 चौ. मीटर; 100 आरांचा एक हेक्टर. मेट्रिक पद्धतीला भारतात 1956 च्या कायद्याने आधार मिळाला. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. लोणावळा-मावळात जमिनीचा भाव मात्र गुंठ्यावर बोलला जातो. एक गुंठा 101.17 चौ. मीटर भरतो. गुंठा व आर सारखेच धरल्यास एकरामागे सुमारे 47 चौ. मीटर, म्हणजे 500 चौ. फुटांहून अधिक जागेची तफावत पडते. त्यामुळे व्यवहारापूर्वी रूपांतर तपासणे आवश्यक ठरते.