‘ठेवणे’ आणि ‘राहणे’ : वार्धक्यातील निवासाच्या परिभाषेचा विचार

वार्धक्यातील निवासाचा प्रश्न सामान्यतः समाजशास्त्राच्या किंवा कायद्याच्या कक्षेत गणला जातो. तथापि त्या निवासाला आपण कोणती नावे देत आलो आणि त्या नावांबरोबर कोणती क्रियापदे योजीत आलो, हे पाहिल्यास भाषेच्या अभ्यासकालाही त्याविषयी काही सांगण्याजोगे आहे असे दिसून येईल. ‘रक्कम पेढीत ठेवली’, ‘दागिने गहाण ठेवले’ आणि ‘वडिलांना वृद्धाश्रमात ठेवले’ या तीन वाक्यांत क्रियापद एकच आहे. तिसऱ्या वाक्यातील वडील हे कर्म होत. कर्ता दुसराच कोणी आहे. ‘वडील वृद्धाश्रमात राहतात’ असे म्हणताच ते कर्तृपदी येतात. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

‘आश्रम’ हा शब्द आयुष्याच्या अवस्थेचाही वाचक आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंड दिसू लागताच गृहस्थाने वनाकडे जावे असे विधान आहे. तेथे तो स्वतः जातो. त्याला कोणी पाठवीत नाही. परंतु पत्नीविषयी दोन पर्याय सांगितले आहेत: तिला बरोबर न्यावे किंवा पुत्रांकडे सोपवावे. या सोपविण्यासाठी योजलेला धातू ‘नि+क्षिप्’ हा आहे, आणि धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात ‘निक्षेप’ म्हणजे ठेव. पुरुष जातो आणि स्त्री ठेवली जाते, हा भेद इतका जुना आहे.

‘आश्रम’ शब्दाने अवस्था, स्थळ आणि पुढे संस्था असे तीन अर्थ धारण केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापिलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असे होते. ‘वृद्धाश्रम’ हा समास याच तिसऱ्या अर्थावर उभा आहे. त्यात वानप्रस्थाची छटा भासते. परंतु त्याचे खरे नाते वनाशी नसून अनाथगृहाशी आहे.

२

संस्थारूप शुश्रूषेचा इतिहास पाहता आपल्या विषयास वसईपासूनच प्रारंभ करता येईल. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. १४९८ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेल्या ‘मिझेरिकॉर्दिया’ या दयाकार्याच्या बंधुसंघाची शाखा वसईच्या किल्ल्यातही होती. दरिद्री, रुग्ण, विधवा व पोरकी मुले यांना साहाय्य करणे हे अशा संघांचे कार्य. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर येथील पोर्तुगीज पर्व संपले. एकोणिसाव्या शतकात मुंबईस जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाची धर्मशाळा आणि पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ‘अनाथ पंगू गृह’ उभे राहिले.

या नावांतील विशेषणे लक्षात घ्यावीत. ‘अनाथ’, ‘पंगू’, ‘निराधार’ ही सर्व अभाववाचक आहेत. प्रवेशाचा हक्क अभावातून उत्पन्न होतो; म्हणून ज्याला मुले आहेत, निवृत्तिवेतन आहे आणि तरीही अन्यत्र राहण्याची इच्छा आहे, त्याच्यासाठी या परिभाषेत जागाच नाही. आजही अशा मनुष्याकडे पाहून ‘मुले असून?’ असा प्रश्न केला जातो, त्याचे मूळ या जुन्या नावांत आहे.

३

शासनाची परिभाषाही बराच काळ हीच राहिली. १९६३ च्या राज्य योजनेत साठ वर्षांवरील पुरुष व पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची सोय झाली, ती निराधारांसाठी. १९९५ च्या ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनेत मात्र शुल्क देणाऱ्यांसाठीही जागा राखल्या गेल्या. दानाच्या शेजारी मोबदला येऊन बसला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाहविषयक केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल अशा गृहांची कल्पना मांडली. याच कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय शुश्रूषा ही वेगवेगळी पदे आहेत. निवास व शुश्रूषा या दोन निराळ्या गरजा होत, हे कायद्याने जाणले. आपल्या बोलण्यातील ‘वृद्धाश्रम’ या एका शब्दाने मात्र त्या दोहोंना एकत्र बांधून टाकले आहे.

४

या गोंधळाचे परिणाम एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत प्रत्यक्ष दिसतात. १९९० पासून सिडको या भागाचे नियोजन पाहू लागली, २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला. मुंबईची लहान जागा सोडून ज्यांनी चाळिशीत वसई पूर्वेस सदनिका घेतली, ते आज सत्तरीपलीकडे आहेत. ते अनाथ नाहीत, निर्धनही नाहीत. पण जिना चढताना त्यांचा श्वास लागतो.

प्रस्तुत लेखकाची आई याच वसाहतीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. गुडघे थकल्यावर आम्ही भावंडांनी एक संस्था पाहिली व प्रवेशपत्र घरी आणले. त्यात ‘दाखल करणाऱ्याचे नाव व नाते’ असा रकाना होता. दाखल होणाऱ्याच्या स्वाक्षरीला जागा नव्हती. आईने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘यात मी सही कुठे करायची?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे विचार करता ध्यानी आले की अडचण घराची नव्हती, जिन्याची होती. तिची सदनिका भाड्याने देऊन त्याच वसाहतीत तळमजल्यावरील जागा घेतली आणि सकाळच्या वेळेस मदतनीस बाई ठेवली. शेजार, भाजीवाला आणि डॉक्टर तेच राहिले.

सर्वांना हाच उपाय लागू पडेल असे नव्हे. विस्मरणाचा विकार जडलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस तळमजला पुरेसा नाही. तेथे प्रश्न शुश्रूषेचा आहे, आणि स्वतःचे आवरू शकणाऱ्यांनाच घेणारे निवास तेथे निरुपयोगी ठरतात. म्हणून परावलंबित्व आल्यावर पुढे काय, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. तसेच राहते घर मुलांच्या नावे करणाऱ्याने सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात नमूद करावी. २००७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाचा आधार त्या अटीवरच उभा आहे.

असो. संस्थांची नावे बदलली, ‘पंगू गृहा’चे ‘ज्येष्ठ नागरिक निवास’ झाले. परंतु नाम बदलल्याने क्रियापद बदलत नाही. कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा करताना एक वाक्य रचून पाहावे. त्यात वृद्ध व्यक्ती कर्ता म्हणून येत असेल, तर छप्पर कोणतेही असो, ती तेथे राहते. कर्म म्हणून येत असेल, तर स्वतःच्या मुलाच्या घरातही ती ठेवलेलीच असते.