घास अडकतो, त्याचे मोजमाप : इओसिनोफिलिक पचनविकारांविषयी माहिती

महाप्रसादाच्या पंगतीत एखादी व्यक्ती नेहमी सर्वांच्या शेवटी उठते. प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेते, पुरी बाजूला सारते, भात वरणात अगदी पातळ कालवते. आपण त्यास सवय समजतो, आणि पुष्कळदा ती सवयच असते. परंतु काही वेळा त्यामागे अन्ननलिकेचा एक विकार असतो. सदर विकार, आणि विशेषतः त्यातून रुग्णास उतार पडतो आहे किंवा नाही हे कसे मोजतात, याची माहिती मोपा-पेडणे परिसरातील भाविकांसाठी येथे देत आहोत. हा लेख वैद्यकीय सल्ल्यास पर्याय नव्हे.

रक्तातील पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारास इओसिनोफिल म्हणतात. इओसिन नावाचा तांबडा रंग या पेशी शोषून घेतात, त्यावरून हे नाव पडले. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ साली त्यांचे वर्णन केले. जठरात व आतड्यांत त्या निरोगी माणसातही थोड्याफार असतात. अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र एरवी नसतात. अन्नातील एखाद्या घटकाच्या ॲलर्जीमुळे त्या तेथे गोळा होऊ लागल्या की अस्तर सुजते, कालांतराने नळी ताठर व अरुंद होते आणि घास अडकू लागतो. असाच प्रकार जठर, लहान आतडे किंवा मोठे आतडे यांतही होऊ शकतो. त्यांत पोटदुखी, उलट्या, जुलाब ही लक्षणे आढळतात.

आपल्या भागात रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल वाढलेले दिसले की पहिली शंका जंतांची येते, आणि ती रास्तच आहे. उष्ण व दमट प्रदेशात जंत आणि अंकुशकृमी हे या वाढीचे नेहमीचे कारण आहे. हत्तीरोगाच्या कृमीमुळे फुफ्फुसांत होणाऱ्या विकारास तर १९४३ साली वाइनगार्टन यांनी ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ असेच नाव दिले होते. म्हणून शौचाची तपासणी करून जंत नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी लागते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अन्ननलिकेत विकार असूनही रक्तातील आकडा सर्वसामान्य असू शकतो. केवळ रक्ताच्या अहवालावरून ‘काही नाही’ असे म्हणता येत नाही, की ‘बरे झाले’ असेही म्हणता येत नाही.

मग मोजायचे कशाने? पहिले माप सूक्ष्मदर्शकाचे. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या अस्तराचे निरनिराळ्या ठिकाणचे बारीक तुकडे घेतात. मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल आढळले, तर या विकाराचे निदान पुढे सरकते. दुसरे माप दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणांचे. सूज, कडी, पांढरे ठिपके, उभ्या चरा आणि अरुंद झालेला भाग या पाच खुणांना गुण देण्याची पद्धत २०१३ साली रूढ झाली. तिसरे माप म्हणजे रुग्णाचे स्वतःचे सांगणे. आमच्या मते सर्वाधिक उपेक्षा याच मापाची होते.

ही मापे एकमेकांशी जुळतातच असे नाही. बेनरालिझुमॅब या औषधाची २११ रुग्णांवरील चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. २४ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के रुग्णांच्या अस्तरातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले होते; नकली औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ ते ७ टक्केच होते. सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीने हे मोठेच यश होय. परंतु गिळण्याच्या त्रासात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. जठराच्या व आतड्याच्या विकारावरील लिरेन्टेलिमॅब या औषधाचेही २०२१ साली असेच झाले होते. पेशी गेल्या, दुखणे राहिले. उलट डुपिलुमॅब या औषधाने पेशी आणि त्रास दोन्ही कमी झाल्याचे दिसले, आणि २०२२ साली अमेरिकेत त्यास अन्ननलिकेच्या विकारासाठी मान्यता मिळाली.

याच्या उलट प्रकारही घडतो, व तो आपल्या घरांतून अधिक संभवतो. माणूस आपले जेवणच बदलून घेतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमणात कालवलेला मऊ भात, रात्री पुन्हा पातळसर काही. मग घास अडकणार कसा? विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘त्रास नाही’ असेच सांगतो, आणि आत नळी अरुंद होत जाते. स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात निदानास दोन वर्षांपर्यंत विलंब झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांची अन्ननलिका आकसलेली होती. वीस वर्षांहून अधिक विलंब झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते.

म्हणूनच नव्या प्रश्नावल्या केवळ ‘त्रास होतो का’ एवढ्यावर थांबत नाहीत. २०१४ सालच्या एका प्रश्नावलीत निरनिराळ्या पोताचे पदार्थ घेऊन, ते खाताना अडचण येईल का, ते टाळता का, बारीक करून खाता का, इतरांहून सावकाश जेवता का, असे विचारले जाते. त्यात मांस, पाव, कोरडा भात, कच्ची फळे-भाज्या आहेत. आपल्याकडील रुग्णाने त्या जागी चपाती, नाचणीची भाकरी, मटण, सुका भात यांविषयी स्वतःस विचारावे, आणि मोठी गोळी गिळण्याचे टाळतो का हेही पाहावे. रोज दोन ओळी वहीत लिहून ती वही डॉक्टरांस दाखविल्यास उत्तम. लहान मुले अडकल्याचे सांगत नाहीत; ती जेवण नाकारतात, ओकतात, वजनात मागे पडतात. त्यांच्यासाठी मुलाची व पालकांची अशा वेगळ्या प्रश्नावल्या आहेत, कारण दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात.

अन्ननलिकेच्या विकारावरील संशोधनात काय मोजलेच पाहिजे, याविषयी २०२२ साली आंतरराष्ट्रीय एकमत झाले. त्यात पेशी, दुर्बिणीतील खुणा व लक्षणे यांच्या जोडीला रुग्णाच्या जीवनमानास चौथे स्थान देण्यात आले. चारचौघांत जेवायची भीती, लग्नकार्यास जाण्याचे टाळणे, हे सर्व त्यात येते.

आहाराच्या उपचारात पूर्वी दूध, गहू, अंडी, सोयाबीन, कवचफळे व मासे हे सहाही गट एकदम बंद करीत. मासे आणि काजू सोडणे गोमंतकीयास किती जड, हे सांगावयास नको. १२९ प्रौढांवरील २०२३ सालच्या अभ्यासात केवळ दूध व दुधाचे पदार्थ बंद केलेल्यांपैकी ३४ टक्के, तर सहाही गट बंद केलेल्यांपैकी ४० टक्के रुग्णांच्या पेशी आटोक्यात आल्या. हा फरक निर्णायक मानला गेला नाही. असा पथ्यकाळ पाळणाऱ्या भाविकाने पंचामृत नाकारल्यास कोणी गैरसमज करून घेऊ नये. तीर्थाचे थेंबभर दूधही पथ्य मोडते. पथ्य डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे, व त्याचा उपयोग झाला की नाही हे पुन्हा दुर्बिणीने तपासावे लागते.

घशात माशाचा काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळावयास देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. छातीत घास अडकला असेल व लाळही गिळता येत नसेल, तर असे काहीही वरून देऊ नये. रुग्णास बसते ठेवून तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. घास निघाल्यानंतरही, अस्तराचे तुकडे तपासणीसाठी घेतले का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.