अर्धा दिवस शेतात, अर्धा दिवस वर्गात

एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञान शिकवताना ‘मृत भाषा’ या संज्ञेपाशी आलो की हिब्रूचे उदाहरण हटकून येते. पाठ्यपुस्तकांत ते बहुधा दोन वाक्यांत उरकलेले असते. सुमारे सतराशे वर्षे कोणाच्याही घरी बोलली न गेलेली ही भाषा एलिएझर बेन-येहूदा नावाच्या एका ध्येयवेड्या माणसाने जिवंत केली, असे त्या वाक्यांचे सार. आम्हीही अनेक वर्षे तेच सांगत आलो. पुढे या विषयावरचे वाचन वाढत गेले, तसतशी ही मांडणी अपुरी वाटू लागली. या कथेत कोश आहे, कोशकार आहे, त्याचा त्याग आहे. पण ती भाषा दिवसभर वापरणारी माणसे नाहीत. प्रस्तुत लेखात त्या माणसांकडे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बेन-येहूदा १८८१ साली जेरुसलेममध्ये आला. घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, असा त्याचा दंडक होता. १८८२ साली जन्मलेला त्याचा मुलगा आधुनिक काळातील हिब्रूचा पहिला जन्मजात भाषक मानला जातो. बेन-येहूदा १९२२ साली वारला. त्याच्या महाकोशाचे काम मात्र १९५९पर्यंत चालू राहिले. हे कार्य थोरच. तथापि एका घराने समाज होत नाही. शिवाय हिब्रू पूर्णपणे निःशब्द कधीच नव्हती. प्रार्थना, धर्मशास्त्र, पत्रव्यवहार, काव्य या सर्वांत ती चालूच होती. जेरुसलेमच्या बाजारात निरनिराळ्या देशांतून आलेले यहुदी अडीअडचणीला तिचाच आधार घेत. तिच्यापाशी नव्हता तो रोजचा संसार. टोमॅटोसाठी तिच्यात शब्द नव्हता. ‘प्रेमाचे फळ’ या युरोपीय कल्पनेवरून ‘अगव्हानिया’ हा शब्द घडवला गेला, तर बेन-येहूदाला अरबीवरून घेतलेला ‘बदूरा’ पसंत होता. टिकला तो पहिला. शब्द कोशात सुचवले जातात. त्यांची निवड मात्र शेतात, मंडईत आणि स्वयंपाकघरात होते.

हे शेत आणि स्वयंपाकघर हिब्रूला कोठे मिळाले? १९०४ ते १९१४ या दशकात रशियन साम्राज्यातून पॅलेस्टाईनमध्ये आलेल्या तरुणांनी ते उभे केले. १९१० साली किनेरेत सरोवराच्या दक्षिण टोकाशी, उम्म जूनी या ठिकाणी, देगानिया ही पहिली सामूहिक वसाहत स्थापन झाली. ‘दगान’ म्हणजे धान्य. त्यावरून हे नाव. जमीन सामाईक, श्रम सामाईक, जेवण एका पंक्तीला. पुढे अशा वसाहतींना ‘किबुत्झ’ म्हणू लागले. या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र येणे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या देशात येऊन शेतमजुरी पत्करणारा ए. डी. गॉर्डन हा या पिढीचा विचारवंत. शारीरिक श्रमाला त्याने जवळजवळ उपासनेचे स्थान दिले. हिब्रू भाषेनेच जणू त्याची सोय करून ठेवली होती. ‘अव्होदा’ या एकाच शब्दाचे काम आणि उपासना असे दोन्ही अर्थ होतात, आणि गुलाम या अर्थाचा ‘एव्हेद’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे.

या तरुणांची मातृभाषा यिडिश होती, काहींची रशियन. मुलग्यांना धर्मशिक्षणातून हिब्रूची अक्षरे ठाऊक असत. मुलींना बहुधा तीही नसत. म्हणूनच कवयित्री राहेलची हकीकत आम्हाला महत्त्वाची वाटते. १८९० साली रशियात जन्मलेली राहेल ब्लुवस्टाईन १९०९ साली बहिणीसह रेहोवोतला आली, तेव्हा तिला हिब्रू येत नव्हती. ती बालवाडीत जाऊन बसे आणि मुलांची बडबड ऐके. बहिणी-बहिणींनी रशियन बोलण्यावर स्वतःहून निर्बंध घालून घेतले. पुढे ती किनेरेतच्या काठी मुलींच्या कृषिशाळेत राबली. नंतर देगानियाची सदस्यही झाली, परंतु क्षयरोगामुळे तिला ती वसाहत सोडावी लागली. १९३१ साली ती वारली, ती आधुनिक हिब्रूतील अतिशय लोकप्रिय कवयित्री म्हणून. तिच्या कवितेची साधी, बोलकी भाषा हा टीकाकारांच्या कौतुकाचा विषय आहे. ही भाषा तिला पोथीतून मिळालेली नव्हती. ती लहान मुलांच्या तोंडून आणि कुदळीच्या कामातून तिच्याकडे आली होती.

येथे मातृभाषा या संकल्पनेची एक विलक्षण उलटापालट दिसते. सामान्यतः आई मुलाला भाषा देते. या वसाहतींत मुले आयांना भाषा देत होती. अनेक किबुत्झांत मुले आईवडिलांच्या खोलीत न राहता बालगृहात वाढत. घरातली यिडिश त्यांच्या कानांवर फारशी पडतच नसे. बाहेरचे वातावरणही याला पोषक होते. १९१३ साली हैफा येथील नियोजित तंत्रशिक्षणसंस्थेत माध्यम जर्मन असावे की हिब्रू, यावरून मोठा संघर्ष झाला आणि हिब्रूचा पक्ष विजयी ठरला. १९२२ साली ब्रिटिश राजवटीने इंग्रजी आणि अरबी यांच्या जोडीला हिब्रूला अधिकृत भाषेचे स्थान दिले.

इस्रायल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाले, तेव्हा तेथील यहुदी लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. पुढील साडेतीन वर्षांत जवळजवळ तेवढेच निर्वासित आणि स्थलांतरित येऊन दाखल झाले. त्यांना भाषा शिकवणार कशी? १९४९ साली जेरुसलेममध्ये ‘उल्पान एत्झियोन’ सुरू झाले. ‘उल्पान’ म्हणजे शिक्षण किंवा शिक्षणाची जागा. शब्दाचे मूळ अरामी. हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची, ही तेथील रीत. लवकरच हा प्रयोग किबुत्झांत गेला आणि त्याला वेगळे रूप आले. विद्यार्थ्याने अर्धा दिवस शिकायचे आणि अर्धा दिवस राबायचे. संत्र्यांच्या बागा, गोठे, धुलाईघर, सामूहिक भोजनगृह, जेथे हात लागतील तेथे काम. त्या बदल्यात निवास, भोजन आणि शिक्षण. साधारण पाच-सहा महिन्यांचा हा क्रम असे.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या रचनेत एक मर्म होते. हिब्रूचा सारा डोलारा तीन व्यंजनांच्या धातूंवर उभा आहे. ‘ल-म-द’ या धातूपासून शिकणे, शिकवणे, ‘तल्मीद’ म्हणजे विद्यार्थी आणि ‘तल्मूद’ हा धर्मग्रंथ, असे सारे शब्द निघतात. वर्गात हे कोष्टक फळ्यावर मांडले जाई, आणि गोठ्यात कोणी ‘उचल’, ‘आण’, ‘थांब’ म्हणाले की त्याच कोष्टकातले रूप कानावर येई. एरवी हिब्रू स्वरचिन्हांवाचून छापली जाते, म्हणजे शब्द ओळखीचा असल्याखेरीज तो वाचताच येत नाही. नवशिक्यांसाठी १९५१पासून ‘ओमेर’ हे सोप्या भाषेतले, स्वरचिन्हांकित दैनिक निघू लागले.

येथवर ही यशाची कथा आहे. तिची दुसरी बाजू टाळली तर आम्ही विद्यार्थ्यांना पुन्हा तीच दोन वाक्ये सांगितल्यासारखे होईल.

अहरोन अप्पेलफेल्ड १९४६ साली, कोवळ्या वयात, एकटा पॅलेस्टाईनमध्ये पोहोचला. आई युद्धाच्या आरंभीच मारली गेली होती. शेतीकाम आणि हिब्रूचे पाठ असेच त्याचेही दिवस गेले. पुढे तो हिब्रूतील मोठा कादंबरीकार झाला. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो सांगतो की आई आणि तिची जर्मन भाषा त्याच्या मनात एकच झाली होती. ती भाषा आतून विझू लागली तेव्हा आई दुसऱ्यांदा जात आहे असे त्याला वाटले. त्याच वर्षी आलेला दान पागिस काही वर्षांतच किबुत्झमध्ये शिक्षक झाला आणि हिब्रूत कविता लिहू लागला. दोघांनाही हिब्रूने लेखक केले. दोघांनाही ती आईकडून मिळाली नव्हती.

यिडिशला तर त्या काळात जाहीर अवहेलना सोसावी लागली. आणि त्या भूमीची आधीपासूनची बोली, अरबी? ‘हिब्रू श्रम’ या घोषणेत भाषेचा गौरव होता, तसाच यहुदी मळ्यांवरून अरब मजुरांना दूर ठेवण्याचा आग्रहही होता. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब विस्थापित झाले. २०१८च्या कायद्याने अरबीचे अधिकृत भाषा हे स्थान काढून तिला केवळ ‘विशेष दर्जा’ ठेवला. एका भाषेला घर मिळत असताना कोणाची घरे गेली, हा प्रश्न या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या कथेचा एक धागा आपल्या कोकणातून जातो. बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलला. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारच्या विश्रांतीमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, ते १८३२ साली. पुढे जोसेफ यहेझकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. म्हणजे या समाजाला हिब्रूचा अर्थ मराठीतून कळत होता. १९४८नंतर यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. त्यांची वस्ती किबुत्झांपेक्षा दिमोना, बेरशेबा, लोद यांसारख्या नगरांत अधिक झाली. समान यहुदी म्हणून मान्यता मिळवण्यासाठी त्यांना १९६४पर्यंत झगडावे लागले. नव्या देशात हिब्रू शिकणे अटळ होते. तरीही त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. या नावातली ‘माय’ आम्हाला अप्पेलफेल्डच्या आईची आठवण करून देते.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या महाविद्यालयातही समारंभ झाला. भाषणे चांगली झाली. हिब्रूचा अभ्यास करताना मात्र एक गोष्ट मनात घर करून राहते. अभिजातपण तिच्यापाशी सतराशे वर्षे होते. पवित्र ग्रंथ होते, व्याकरण होते, पंडित होते. तिच्यात दूध काढणे, भांडी घासणे, हिशेब मांडणे आणि भांडणे सुरू झाले तेव्हा ती लोकांची झाली. आमचे विद्यार्थी संगणकावर, बँकेत, प्रयोगशाळेत मराठी किती वापरतात, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला त्या समारंभात झाले नाही.

किबुत्झही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. १९८५च्या आर्थिक संकटानंतर अनेकांनी सामाईक व्यवस्था सोडली. खुद्द देगानियाने २००७ साली कामानुसार वेतनाची पद्धत स्वीकारली. हिब्रूला आता त्या पंक्तीची गरज उरलेली नाही. पुढच्या वर्षी वर्गात हा भाग शिकवताना बेन-येहूदाच्या कोशाआधी रेहोवोतच्या बालवाडीत मुलांच्या मागे गप्प बसलेली राहेल सांगायची, आणि तिच्यानंतर लगेच अप्पेलफेल्डची आई, असे आम्ही ठरवले आहे.