सँडविकेन

सँडविकेन : स्वीडनच्या येव्हलेबॉर्य परगण्यातील पोलाद-उद्योगाचे नगर. लोकसंख्या सु. २५,०००. हे येव्हले या बंदराच्या पश्चिमेस सु. २५ किमी.वर, स्टूरशॉन सरोवराच्या काठी वसले आहे. ‘वाळूचे लहान आखात’ असा नावाचा अर्थ असून नगराची उभारणी सर्वस्वी एका कारखान्यामुळे झाली.

बीडाच्या रसातून हवेचा झोत सोडून पोलाद बनविण्याची पद्धत हेन्‍री बेसेमरने १८५६ मध्ये जाहीर केली. परंतु तिचा परवाना घेतलेल्या इंग्‍लंडमधील कारखानदारांना चांगले पोलाद मिळेना. येव्हलेचा व्यापारी यरान फ्रेड्रिक यरान्सॉन (१८१९–१९००) याने १८५७ मध्ये बेसेमरच्या एकस्वातील हिस्सा खरेदी केला. हवेचा पुरवठा वाढवून, तसेच फॉस्फरसाचे अल्प प्रमाण असलेल्या स्वीडिश बीडाच्या साहाय्याने १८ जुलै १८५८ रोजी एड्स्केन येथे त्याने हा प्रयोग यशस्वी केला. मोठ्या उत्पादनासाठी १८६२ मध्ये त्याने कंपनी स्थापून सँडविकेन येथे कारखाना उभारला. सरोवराचे सान्निध्य व येव्हलेला जाणारा लोहमार्ग यांमुळे ही जागा सोयीची ठरली. तथापि कंपनीचे १८६६ मध्ये दिवाळे निघाले. कारखान्यावाचून या वसाहतीस निर्वाहाचे अन्य साधन नव्हते. १८६८ मध्ये नवी कंपनी स्थापन झाली व यरान्सॉनच्या मुलाच्या व्यवस्थापनाखाली उद्योग सावरला.

स्थानिक शासनसंस्था येथे कारखान्यामागून आल्या. कामगारांची घरे, शाळा व वैद्यकीय मदत यांची तजवीज प्रथम कंपनीनेच केली. सँडविकेनला बाजारगावाचा दर्जा १९२७ मध्ये व नगराचा दर्जा १९४३ मध्ये, म्हणजे कारखान्याच्या स्थापनेनंतर ८१ वर्षांनी मिळाला. येथील येर्नव्हालेन या क्रीडांगणावर १९५८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील सामने झाले.

मालकाचे छत्र निवाऱ्याचे असले, तरी त्यामुळे कामगाराचा रोजगार आणि घर ही दोन्ही एकाच हाती राहत. मात्र एका उद्योगावर विसंबलेल्या अनेक लोहग्रामांप्रमाणे हे नगर ओस पडले नाही. याचे मुख्य कारण उत्पादनांतील बदल होय. करवती, बिनजोड नळ्या, अगंज पोलाद आणि १९४२ पासून ‘कोरोमंट’ या नावाची कठीण कार्बाइडची कर्तन-हत्यारे असा हा क्रम आहे. १९७२ मध्ये कंपनीने ‘सँडविक’ हे नाव स्वीकारले. तिच्या विस्तारात महाराष्ट्राचाही समावेश असून पुण्याजवळील दापोडी येथे १९६० च्या दशकापासून तिचे उत्पादन होत आले आहे.

विस्ताराबरोबर कंपनी व नगर यांतील नाते सैल झाले. समूहाचे मुख्यालय स्टॉकहोमला गेले. २०२२ मध्ये पोलाद व नळ्यांचा मूळ व्यवसाय ‘अलेइमा’ या स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात आला. तिचे मुख्यालय मात्र सँडविकेन येथेच आहे. अशा रीतीने ज्या पोलादामुळे नगर जन्मास आले, ते आता संस्थापक कंपनीच्या नावाने विकले जात नसले, तरी येथेच तयार होते.