५६ वाव पाणी आणि एक नांगर: कंबरलँड बेची गोष्ट

मागचे काही भाग आपण लढाया आणि तह यांच्यात अडकलो होतो. आज एकही तोफ उडणार नाही, तरी माणसं शेकड्यांनी मरणार आहेत. प्रश्न एवढाच आहे की जहाज थांबवायचं कसं?

मोबाइलवर नकाशा उघडा आणि चिलीच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण ६७० किलोमीटर सरका. भर पॅसिफिकमध्ये एक ठिपका दिसेल. त्याचं आजचं नाव रॉबिन्सन क्रूसो बेट. १७०४ ते १७०९ अलेक्झांडर सेल्कर्क नावाचा खलाशी इथे एकटा राहिला होता, म्हणून १९६६ मध्ये हे नाव दिलं गेलं. आपल्या गोष्टीच्या काळात याला हुआन फर्नांडेझ म्हणत. बेट म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला ज्वालामुखी. सगळ्यात उंच शिखर ९१५ मीटर, कडे सरळ पाण्यात उतरलेले. उत्तरेच्या बाजूला जहाज थांबेल अशी जागा आहे, तिचं नाव कंबरलँड बे.

सप्टेंबर १७४० मध्ये कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन सहा युद्धनौका आणि दोन मालवाहू जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाला. स्पेनशी युद्ध चालू होतं आणि स्पेनला पॅसिफिकमध्ये गाठायचं होतं. केप हॉर्नच्या वादळांनी ताफा विखुरला आणि त्यात स्कर्व्ही आला. क जीवनसत्त्वाच्या अभावाचा हा रोग, पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, माणूस उठून बसताना मरायचा. उपाय एकच दिसत होता: जमीन, ताजं पाणी, हिरवा पाला.

पण बेट सापडेना! अक्षांश सूर्यावरून काढता यायचा, रेखांश मात्र समुद्रात अचूक मोजता येत नव्हता. म्हणजे आपण बेटाच्या रेषेवर आहोत हे कळायचं, पण बेट डावीकडे की उजवीकडे, हे नाही. अ‍ॅन्सन पूर्वेला वळला, समोर चिलीचा किनारा आला, मग पुन्हा पश्चिमेला. जहाजाचे धर्मोपदेशक रिचर्ड वॉल्टर यांच्या नावाने १७४८ मध्ये या सफरीचं पुस्तक निघालं. त्यात या हेलपाट्याची किंमत ७० ते ८० माणसं अशी दिली आहे. आणि गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच, जॉन हॅरिसनचं पहिलं सागरी घड्याळ, ज्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी रेखांशाचा प्रश्न सोडवला, ते १७३६ मध्ये याच ‘सेंच्युरियन’ जहाजावरून लिस्बनला चाचणीसाठी गेलं होतं.

अखेर ९ जून १७४१ ला बेट दिसलं. आता सुटलो असं वाटेल, पण खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

थोडं नांगराबद्दल. आपल्या भाषेत शेतातल्या आणि जहाजावरच्या वस्तूला एकच शब्द आहे, आणि तो चपखल आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. तसं नाही. नांगर तळात रुततो म्हणून जहाज थांबतं, आणि रुतायला ओढ आडवी लागते. ओढ सरळ वर गेली की नांगर उपटला जातो. म्हणून दोर पाण्याच्या खोलीपेक्षा खूप लांब सोडायचा. आजचे शिडाच्या बोटी चालवणारे साखळी असेल तर साधारण पाचपट, दोर असेल तर सातपट किंवा जास्त सोडतात.

कड्यांच्या बेटाची अडचण हीच. जसा कडा पाण्यावर उभा, तसाच तो पाण्याखालीही जातो. किनाऱ्याच्या अगदी जवळ आलात तरी खोली प्रचंड. सेंच्युरियनला बेटाजवळ रात्र झाली, प्रवाहाने किनाऱ्याकडे ढकललं, आणि अर्ध्या मैलाच्या आत असताना नाइलाजाने नांगर टाकावा लागला. पाणी होतं ५६ वाव. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, सहा फूट. म्हणजे शंभर मीटरहून जास्त! त्या काळच्या आरमारी दोराची एक लांबी साधारण १०० वाव असायची. म्हणजे दुप्पटही नाही.

पहाटे एक होडी योग्य जागा शोधायला गेली. परतली ती सील आणि गवत घेऊन. हो, गवत. लोकांनी ते खाल्लं. इकडे जहाजावर नांगर उचलायची धडपड चालू होती. जो उभा राहू शकतो तो प्रत्येक जण कामाला लागला. दोर ताणून सरळ उभा झाला, पण नांगर तळातून सुटेना. इतकी ताकदच उरली नव्हती.

दुपारी वारा बंदराच्या दिशेने सुटला. त्यांनी शिडं उभारली आणि वाऱ्याच्याच जोराने नांगर उपटून घेतला! खाली लोंबकळता नांगर घेऊन जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने सरकलं, टोकाला वळसा घातला, आणि तिथे वारा फिरला. आतून, डोंगराकडून, झोत येऊ लागले. जहाज केवळ आधीच्या वेगावर पुढे सरकत राहिलं आणि तो लोंबकळता नांगर पुन्हा तळाला लागला. पुन्हा ५६ वाव. जहाज थांबलं.

शाळेत आपण मतलई वारे शिकलो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. इथले झोत दिशेने तसेच, पण कड्यांवर आणि दऱ्यांमध्ये अडून अचानक कोसळणारे. त्यांचा एक फायदा असतो: जहाज खडकावर आपटत नाही, समुद्राकडे ढकललं जातं. कंबरलँड बे उत्तरेला उघडं आहे, आणि जोराचा उत्तरेचा वारा तिथे क्वचितच. म्हणून ते सुरक्षित मानलं गेलं. पण दोर तुटला तर? जूनच्या अखेरीस एका झोताने तो तुटलाच. दुसऱ्या नांगराने झटका सोसला, आणि जहाज थांबलं ते ८० वाव पाण्यात, दोन दोर एकापुढे एक जोडून सोडलेले असताना. तेव्हा जहाजावर जेमतेम डझनभर खलाशी होते. बाकीचे किनाऱ्यावर तंबूंत, १६७ आजारी माणसांसह.

आता या गोष्टीतला सगळ्यात कठीण भाग. २१ जूनला ताफ्यातलं ‘ग्लॉस्टर’ जहाज क्षितिजावर दिसलं. अ‍ॅन्सनने होडीने पाणी आणि खाणं पाठवलं. तोवर त्या जहाजाने आपली दोन तृतीयांश माणसं समुद्रात सोडली होती. जे वारे नांगरलेल्या जहाजाला खडकापासून दूर ठेवत होते, तेच ग्लॉस्टरला आत येऊ देत नव्हते. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर फारसं चढू शकत नाही, त्याला नागमोडी जावं लागतं, आणि दर वळणाला शिडं ओढायला माणसं लागतात. माणसंच नव्हती. जहाज दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. हिरवं बेट समोर, आणि मरण चालूच. ग्लॉस्टर आत आलं २३ जुलैला. एक महिना!

सेंच्युरियन, ग्लॉस्टर आणि छोटं ‘ट्रायल’ या तीन जहाजांवर इंग्लंड सोडताना ९६१ माणसं होती. सप्टेंबरपर्यंत ६२६ मेली. उरली ३३५.

पुढच्या वर्षी टिनियन बेटावर नांगराने सेंच्युरियनचा खरंच विश्वासघात केला. तिथल्या तळाशी धारदार प्रवाळ, दोर तागाचे. सप्टेंबर १७४२ च्या वादळात ते तुटले आणि जहाज रात्रीतून गायब, अ‍ॅन्सन आणि शंभराहून जास्त माणसं किनाऱ्यावरच. त्यांनी एक छोटी स्पॅनिश बोट मधोमध कापून लांब करायला घेतली. १९ दिवसांनी सेंच्युरियन परत दिसलं, तेव्हा शांत स्वभावाच्या अ‍ॅन्सनने हातातली कुऱ्हाड फेकून दिली म्हणतात. लोखंडी साखळ्या आरमारात रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

अ‍ॅन्सन १७४४ मध्ये परतला. स्पॅनिश खजिन्याच्या ३२ गाड्या लंडनमधून मिरवल्या आणि इतिहासाने त्या गाड्या लक्षात ठेवल्या. १७४७ मध्ये जेम्स लिंड याने स्कर्व्हीवर संत्र्या-लिंबांचा प्रयोग केला, आणि १७५३ चं आपलं पुस्तक अ‍ॅन्सनलाच अर्पण केलं. मला ही अर्पणपत्रिका त्या ३२ गाड्यांपेक्षा मोठी वाटते. खजिना एकदाच मिळाला, पण स्कर्व्हीचं कोडं सुटल्यावर नंतरच्या पिढ्यांचे खलाशी वाचले. बंदरात सुरक्षित थांबायचं तर तळ, दोर आणि वारा तर लागतातच, पण दोर ओढणारे हात जिवंत लागतात. ग्लॉस्टरवर तेच कमी पडले.