सापडण्याचा इतिहास: दवंडीपासून शोधयंत्रापर्यंत

अमडापूर हे नाव मराठीत लिहायला सोपे आहे. रोमन लिपीत लिहायला बसले की घोळ सुरू होतो, कारण त्या लिपीत 'ड' आणि 'द' यांना एकच अक्षर आहे. बुलढाणा जिल्ह्यातले, चिखली-खामगाव रस्त्यावरचे हे गाव रोमनमध्ये जाऊन परत देवनागरीत आले की सहज 'अमदापूर' होते, कधी 'आमदापूर'ही होते. जिल्ह्याची गत वेगळी नाही. कुणी बुलढाणा लिहितो, कुणी बुलडाणा. गावात राहणाऱ्या माणसाला याने काही फरक पडत नाही. पण गावात ज्याचे दुकान आहे आणि ज्याचे गिऱ्हाईक आता मोबाइलवर शोधून मग येते, त्याला पडतो. शोधणाऱ्याने एक स्पेलिंग टाकले आणि दुकानदाराने दुसरे लिहिले असेल, तर दुकान जागेवर असूनही सापडत नाही.

शोधयंत्रात आपले पान वरच्या क्रमांकावर यावे म्हणून जी खटपट केली जाते तिला एसईओ म्हणतात. मराठीत या विषयावर जे काही वाचायला मिळते ते बहुतेक 'महिन्याभरात शिका' छापाचे असते. त्यातून असे वाटते की हा धंदा गुगलबरोबर जन्माला आला. मुळात प्रश्न जुना आहे: विकणारा एका जागी, घेणारा दुसऱ्या जागी, आणि मधे शब्द. ते शब्द कुणाचे असावेत, विकणाऱ्याचे की शोधणाऱ्याचे, याभोवती या धंद्याचा इतिहास फिरतो. मराठीच्या बाबतीत तर त्यात आणखी एक अडचण होती. काही वर्षे मराठी शब्द पडद्यावर दिसत होते, पण शोधता येत नव्हते.

ज्याला गाव ओळखते त्याला पाटी कशाला

गावातल्या व्यापाराला फार काळ जाहिरातीची गरज नव्हती. सांगण्यासारखे काही असले तर कोतवाल दवंडी देई, आणि दवंडी बहुधा सरकारी कामाची असे. सोनार कोण, सुतार कोण, उधारीवर बियाणे कोण देतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. माल गावाबाहेर न्यायचा तर अडत्या होता. शेतकरी बाजार शोधत नसे, अडत्याला ओळखत असे. ती ओळख हीच त्याची शोधयंत्रणा होती, आणि तिची किंमत तो अडतीच्या रूपाने मोजत होता.

वऱ्हाडात हे चित्र कापसाने हलवले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. आसपासच्या गावांतला कापूस आता लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला. कापसाचा पैसा आला तसे शेतकऱ्याला काही विकू पाहणारेही आले. हे विकणारे गावातले नव्हते आणि गाव त्यांना ओळखत नव्हते. जाहिरातीची खरी गरज इथे सुरू होते.

नांगर विकणारे मासिक

अनोळखी विकणाऱ्याची मराठीतली सगळ्यात बोलकी गोष्ट किर्लोस्करांच्या नांगराची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. तिथून ते शेतीच्या अवजारांकडे वळले आणि लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर चांगला होता, काळ्या जमिनीत खोल जाणारा होता, हरळीची मुळे उपटणारा होता. तरी तो खपेना. लोखंड लागले की जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडे नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

माल चांगला असणे आणि माल चांगला आहे हे समोरच्याला पटणे, या दोन गोष्टींतले अंतर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ओळखले. ते चित्रकला शिकलेले होते आणि कारखान्याच्या जाहिराती त्यांच्याकडे होत्या. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत नेणे, हा तिचा हेतू. अमेरिकेत जॉन डिअर या नांगराच्याच कंपनीने १८९५ पासून 'द फरो' नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक चालवले होते. आजच्या विपणनाच्या पुस्तकांत त्याचा दाखला हटकून दिला जातो. मराठीतला दाखला त्याच्याइतकाच भक्कम आहे, आणि पुढची मजल पाहिली तर जास्त नवलाचा. कारण ती 'खबर' वाढत वाढत 'किर्लोस्कर' हे मासिक झाली, तिच्या जोडीला १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. नांगराच्या माहितीपत्रकातून मराठी मध्यमवर्गाचे एक प्रमुख मासिक उभे राहिले.

हे का साधले? शंकररावांनी नांगराबद्दल बोलण्याआधी वाचणाऱ्याच्या घरात, त्याच्या कुतूहलात जागा मिळवली. लोक मासिक मासिकासाठी घेऊ लागले, आणि जाहिरात त्याच्याबरोबर घरात गेली. आज 'कंटेंट मार्केटिंग' या नावाने जे शिकवतात ते याहून फार वेगळे नाही. फरक एकच आहे. 'खबर' पोस्टाने वाचकाकडे जात होती. इंटरनेटवर दिशा उलटी झाली. तिथे वाचक प्रश्न घेऊन निघतो, आणि त्याच्या प्रश्नाच्या वाटेवर आपण उभे असावे लागते. त्यासाठी त्याचे शब्द यंत्राला वाचता यायला हवेत. मराठीचे घोडे इथेच अडले.

दिसणारी, पण न सापडणारी मराठी

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. पुढच्याच वर्षी 'मायबोली' सुरू झाली. हळूहळू वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आली. मराठी मजकूर पडद्यावर दिसू लागला, पण तो मराठी म्हणून साठवलेला नव्हता. छपाईच्या धंद्यात तेव्हा जे फॉन्ट चालत, त्यांची युक्ती अशी होती की संगणकाला रोमन अक्षर द्यायचे आणि त्याच्या जागी पडद्यावर 'क' किंवा 'ख'चे चित्र उमटवायचे. छापायला हे पुरेसे होते. कागदाला आत काय आहे हे कळायची गरज नसते. तोच मजकूर तसाच संकेतस्थळांवर चढवला गेला. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. शोधयंत्राला फॉन्टचे चित्र दिसत नाही, आतली अक्षरे दिसतात. त्यामुळे माणसाला जिथे 'कापसाचे भाव' दिसत होते, तिथे यंत्राला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत होता. त्या पानांवर कितीही मोलाचा मजकूर असो, 'कापूस' असे टाइप करून तो मिळण्याची सोय नव्हती.

उपाय कागदावर होता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि तिच्यात देवनागरी होती. भारतात आधी ठरलेल्या 'इस्की' या संकेतावरूनच तिची मांडणी घेतली होती. पण घरोघरच्या संगणकांवर तो चालायला विंडोज २००० आणि त्यानंतरच्या प्रणाली याव्या लागल्या. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, 'मनोगत' २००४ साली, दोन्ही युनिकोडमध्ये. म्हणजे मराठीत मोकळेपणी शोधता येईल असा मजकूर आधी हौशी लोकांनी निर्माण केला. ज्यांचा मजकुरावर धंदा चालतो ते बऱ्याच अंशी नंतर आले.

युनिकोड आल्यावरही वऱ्हाडाच्या वाट्याला एक खास गुंता आला. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो: एक, नुक्त्याचा 'ऱ' वापरून, दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि दोन्ही एकच मानावेत हे यंत्राला कुणी सांगितले नसेल, तर एकाचा शोध घेताना दुसरा निसटतो. 'पऱ्हाटी'चे तेच, 'शेतकऱ्यांसाठी'चेही तेच. ज्या प्रदेशाची ओळख कापूस, त्याचे स्वतःचे नाव आणि कापसाच्या झाडाचे नाव, दोन्ही या एका अक्षरावर अडतात. ज्याला पान वर आणायचे आहे त्या मराठी दुकानदाराला हे कोणत्याही कोर्समध्ये सांगितले जात असेल असे वाटत नाही.

यंत्र कुणाचे ऐकते

सुरुवातीची शोधयंत्रे पानावरचे शब्द मोजत. साहजिकच लोकांनी शब्द भरले: एकच शब्द शंभरदा, कधी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात, म्हणजे वाचकाला दिसू नये पण यंत्राने मोजावा. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गुगल काढले तेव्हा त्यांनी वेगळी कसोटी लावली. तुमच्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात, आणि ती पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावर क्रमांक. गावातल्या पतीसारखाच हा प्रकार होता: तू स्वतःबद्दल काय म्हणतोस यापेक्षा चार जाणती माणसे काय म्हणतात ते महत्त्वाचे. मग लोकांनी चार माणसेही विकत घेतली. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या खोट्या पानांची शेते उभी राहिली. त्यावर गुगलने २०११ साली उथळ मजकुराविरुद्ध 'पांडा' आणि २०१२ साली खोट्या दुव्यांविरुद्ध 'पेंग्विन' हे बदल आणले. हा खेळ अजून चालू आहे.

मराठीला या खेळात आणखी एक अडचण होती, ती पैशाची. गुगलच्या जाहिराती स्वतःच्या पानावर लावून कमाई करण्याची सोय हिंदीला २०१४ च्या अखेरीस मिळाली. मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले. तोवर मराठीत मेहनतीने लिहिणाऱ्याला त्या वाटेने मोबदला नव्हता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, स्वस्त डेटा खेड्यांत पोचला, आणि शोधणारे मराठी लोक एकदम वाढले. प्रश्न आले, उत्तरे तयार नव्हती. ही पोकळी ज्यांनी सर्वांत वेगाने भरली ते सगळेच 'खबर'च्या वळणाचे नव्हते.

आज सोयाबीनचा किंवा कापसाचा भाव मोबाइलवर शोधून पाहावा. शीर्षकात आजची तारीख, जिल्ह्याचे नाव, 'मोठी वाढ' असे शब्द. आत चार परिच्छेद प्रस्तावना, 'चला तर मग जाणून घेऊया', मधे तीन जाहिराती, आणि शेवटी आकडा नसतो, किंवा असतो तो कधीचा ते कळत नाही. ही पाने यंत्रासाठी लिहिलेली असतात. शोधणाऱ्याचे शब्द त्यांनी अचूक हेरलेले असतात, फक्त त्याला उत्तर दिलेले नसते. ट्रॉली भरून खामगावला न्यायची की चिखलीला, की आठ दिवस थांबायचे, हे ठरवायला ज्याने शोध घेतला, त्याचे नुकसान पैशात होते.

पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द

याच्या उलट बाजूला अमडापूरसारख्या गावातला साधा दुकानदार आहे. त्याच्याकडे उत्तर असते, पण ते कुठे लिहिलेले नसते. पाटीवर 'कृषी सेवा केंद्र' असते. गिऱ्हाईक 'बियाण्याचं दुकान' म्हणते. पाटीवर 'इलेक्ट्रिकल्स' असते. शोधणारा 'मोटर भरून देणारा' म्हणतो, कारण विहिरीवरची मोटर जळली आहे आणि पाणी आजच द्यायचे आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या जस्ट डायलला लोक फोन करत, तेव्हा हा फरक मिटवायला पलीकडे एक माणूस होता. आता तो नाही. नकाशावर दुकानाची नोंद करणे फुकट आहे, पण त्या नोंदीत कोणते शब्द लिहायचे हे दुकानदारालाच ठरवावे लागते. गिऱ्हाईक दारात येऊन जे म्हणते, नेमके तेच, देवनागरीत आणि रोमनमध्येही, गावाच्या नावाच्या चालू असलेल्या सगळ्या रूपांसह लिहिले, वेळा आणि फोन खरे ठेवले, की गावपातळीवरचे बरेचसे काम होते. यासाठी महिन्याला हजारो रुपये घेणारा माणूस लागत नाही.

शंकरराव किर्लोस्करांना यातले एकही तंत्र माहीत नव्हते. समोरच्याला कोणती शंका आहे आणि तो ती कोणत्या शब्दांत विचारतो, एवढे मात्र त्यांनी नीट ऐकले होते. लोखंडाने जमीन नासते का, हा शेतकऱ्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याला खरे उत्तर द्यावे लागले तेव्हा नांगर खपले. सोयाबीनचा आजचा भाव काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. तो आता मराठीत विचारता येतो, आणि यंत्राला कळतोही. त्याखाली जे पान उघडते त्यात भाव असावा, एवढीच त्या शेतकऱ्याची अपेक्षा आहे.