शिवार गेले, गावठाण राहिले : वांद्र्यातील रनवार

मुंबईच्या वांद्रे उपनगरात हिल रोडलगत, वरोडा रोड आणि व्हेरोनिका स्ट्रीट या अरुंद रस्त्यांभोवती वसलेले रनवार हे ईस्ट इंडियन समाजाचे जुने गाव आहे. महसुली परिभाषेत गावठाण म्हणजे गावाच्या हद्दीतील केवळ वस्तीची जागा, तर भोवतालची शेतजमीन म्हणजे शिवार. शहर वाढत आले तेव्हा त्याने रनवारचे शिवार घेतले आणि गावठाण तेवढे मागे ठेवले. गावाचा अलीकडचा इतिहास या विभागणीतूनच समजून घ्यावा लागतो.

1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील बेटे पोर्तुगीजांना दिली, आणि पुढील काळात साष्टीतील, म्हणजे वांद्रे ज्या बेटावर आहे तेथील, कुणबी, कोळी, भंडारी अशा अनेक जातींतील कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची घरची बोली मात्र मराठीच राहिली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. परंतु या सत्तांतरांपेक्षा माहीमच्या खाडीवरील रस्त्याने वांद्र्याचे रूप अधिक बदलले. आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून बांधलेला हा रस्ता 1845 मध्ये खुला झाला, 1867 मध्ये रेल्वेची लोकल सेवा सुरू झाली, आणि भातशेती करणाऱ्या घरांतील मुले कचेऱ्यांत कारकुनी करू लागली. तेथे त्यांना गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांशी स्पर्धा करावी लागे, शिवाय सर्वांनाच सरसकट पोर्तुगीज ख्रिस्ती म्हटले जाई. आपण येथलेच भूमिपुत्र आहोत हे ठसवण्यासाठी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना स्थापन केली.

1915 च्या नगररचना कायद्यानंतर वांद्र्याच्या मोकळ्या जमिनींवर आखीव भूखंड पडत गेले आणि 1950 मध्ये वांद्रे मुंबई महापालिकेत आले. गावठाणाची घडण मात्र निराळीच होती व आहे: घरे एकमेकांना खेटून, दारे थेट गल्लीत उघडणारी, पुढे ओटी किंवा व्हरांडा, वर कौलारू छप्पर, आणि माडीवर जाणारा लाकडी जिना बहुधा घराबाहेरून. खासगी अंगण जवळपास नसल्याने क्रुसाभोवतीची मोकळी जागा हेच सर्वांचे अंगण ठरले. 1896 च्या प्लेगच्या साथीत रक्षणासाठी वांद्र्याच्या पाखाड्यांतून, म्हणजे वस्तीच्या वाड्यांतून, अनेक क्रूस उभारले गेले, आणि त्यांच्यापुढे सामूहिक प्रार्थना करण्याची रीत साथ ओसरल्यावरही टिकली.

शेती सुटली तरी शेतकऱ्याचे पंचांग सुटले नाही, ही या समाजाची सर्वांत बोलकी गोष्ट आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण, साजरा होतो, तेव्हा भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेल्या जातात, मग त्या दुसऱ्या गावच्या शेतातून आणाव्या लागल्या तरी चालते. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ हा विधी होतो. लुगडे नेसलेल्या बायका बँडच्या साथीने विहिरीवर जाऊन वधूवरांच्या स्नानासाठी पाणी आणतात आणि वाटेवर मराठी गाणी म्हणतात. उन्हाळ्यात मिरच्या व मसाल्याचे जिन्नस वाळवून, भाजून, कुटून बाटलीत दाबून भरलेला ‘बाटली मसाला’ वर्षभर पुरतो.

आजचा प्रश्न घरांच्या मालकीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेल्या घरावर अनेक वारसांचा हक्क असतो, त्यांपैकी काही परदेशी स्थायिक असतात, आणि जमिनीचा भाव इतका वाढला आहे की डागडुजीपेक्षा विकून टाकणे सोपे वाटते. एक घर पडून तेथे उंच इमारत उभी राहिली की शेजारच्या घराचा उजेड आणि वारा जातो, आणि मग त्याच्या मालकालाही विकण्याचाच विचार करावा लागतो.